होती, पण संपली

आमच्या वरोरला कोणाचंही लग्न असो, जनाभाऊजी मांडवात शिरले की नवरा-नवरीकडे बघत नाहीत. ते सरळ मांडवाच्या मागे येतात, जिथे धुतलेले ग्लास पालथे घातलेले असतात. एक ग्लास उचलतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि हुंगतात. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्या-पाचव्या ग्लासाला त्यांचा चेहरा पडतो.

"बोंबील," ते म्हणतात. "वहिनी, गेलं सगळं पाण्यात."

वहिनी म्हणजे मी. गावातल्या लग्नांत ग्लास धुण्याचं काम माझ्याकडे असतं. मला माणसांत बोलायला जमत नाही, म्हणून मी पहिल्यापासून मांडवाच्या मागची जागा धरली आहे. आमचं आणि भाऊजींचं कुंपण एक आहे. माझा नवरा आणि ते एकाच बोटीवर जातात.

वासाचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. आमच्या गावात मासळीचा वास कशाला येत नाही? हाताला येतो, पदराला येतो, मुलांच्या वह्यांना येतो. आम्हाला तो कळत नाही, पण गंजाडकडचा, डोंगराकडचा पाहुणा आला की त्याला कळतो. तो सरबताचा ग्लास तोंडाला लावतो, क्षणभर थांबतो आणि मग न पिता हळूच खुर्चीखाली ठेवतो. तेवढा एक ग्लास भाऊजींना पूर्ण मांडवातून दिसतो. तिकडे मंगलाष्टकं चाललेली असली तरी हे खुर्चीखाली वाकलेले असतात.

"गेलं सगळं पाण्यात" हे ते काही लग्नापुरतं म्हणत नाहीत. जाळ्यात भरपूर पापलेट आलं तरी म्हणतात, "आज एवढं लागलं म्हणजे उद्यापासून काही नाही." गेलेली वीज आली की म्हणतात, "आली म्हणजे जाणार." त्यांची मुलगी पमी बारावी पास झाली तेव्हा माझ्या सासूने साखर हातावर ठेवली. भाऊजी साखरेकडे बघत म्हणाले, "नापास झाली असती तर परत बसवता आली असती. आता काय करायचं?"

प्यायला देण्याबाबत त्यांचा नियम एकच. हातात द्यायचं. टेबलावर मांडून ठेवायचं नाही, पिंपाला नळ लावून 'घ्या आपापलं' म्हणायचं नाही. पाहुणा बसेल, आपण जायचं, वाकायचं आणि त्याच्या हातात ग्लास द्यायचा. एकदा डहाणूला एका मोठ्या लग्नाला आम्ही गेलो होतो. तिथे सरबताचं काउंटर होतं आणि पुढे ही रांग. भाऊजींना ते बघवेना. रांगेतल्या एकेकाला सांगायला लागले, "तुम्ही बसा हो, मी आणतो. हे काय रेशनचं दुकान आहे?" लोकांना वाटलं, हा केटररचा माणूस. एकाने साखर कमी आहे म्हणून त्यांनाच झापलं. एक बाई म्हणाली, "बर्फ टाकून आणा, आणि दोन आणा." भाऊजींनी आणले. शेवटी यजमान आले आणि हात जोडून म्हणाले, "काका, आपण नवरीकडचे की नवऱ्याकडचे?"

"ग्लासांकडचा," भाऊजी म्हणाले.

गावात त्यांचं नाव तेव्हापासून 'जना ग्लास' पडलं. पार आगर गावापर्यंत ते पोचलं. लोक हसतात. मीही तोंडाला पदर लावून हसले आहे. पण ही खोड त्यांना पहिल्यापासून नव्हती, हे गाव विसरलं आहे.

हे काम त्यांच्या बायकोचं होतं, सुमनचं. लग्न कोणाचंही असो, मी मागे ग्लास धुवायचे आणि ती पुढे ट्रे घेऊन फिरायची. लिंबाच्या साली टाकून द्यायच्या नाहीत, त्यांनीच ग्लास आतून-बाहेरून घासायचे, हे तिनेच मला शिकवलं. तेव्हा भाऊजी इतर पुरुषांसारखे मांडवाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून असायचे. चार वर्षांपूर्वी सुमन तापाने फणफणली आणि आठ दिवसांत गेली. त्यानंतर गावात पहिलं लग्न निघालं, तेव्हा ट्रे कोणी घ्यायचा यावर बायका कुजबुजत होत्या. भाऊजी खुर्चीवरून उठले, आले आणि त्यांनी ट्रे उचलला. एवढा मोठा गडी, दोर ओढून ओढून राठ झालेले हात, आणि त्यात ते चिमुकले ग्लास. अर्धं सरबत सांडलं. ट्रे तेव्हापासून त्यांच्याकडेच राहिला.

आणि मग पमीचं लग्न ठरलं.

मुलगा तलासरीच्या पुढचा, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या गावचा. कंपनीत कामाला, निर्व्यसनी, स्वभावाने गरीब. घरात निम्मे लोक मराठी बोलणारे, निम्मे गुजराती. भाऊजींना यात वाईट काही सापडेना, तेव्हा जमीन सापडली. त्या हिवाळ्यात तलासरीकडे जमीन हलत होती. धक्के बसायचे, लोक घराबाहेर ताडपत्र्या बांधून झोपायचे. आमच्याकडे किनाऱ्यावर फळीवरची भांडी तेवढी वाजायची. भाऊजी म्हणाले, "बघा वहिनी. मुलगी देतोय, तर जिथे जमिनीचाच भरवसा नाही तिथे."

"मुलाचा भरवसा आहे ना," मी म्हणाले.

"तो जमिनीवरच उभा राहणार ना?"

लग्न वैशाखात धरलं होतं. भाऊजींनी चार महिने आधी माझ्या ओट्यावर येऊन बसायला सुरुवात केली. "मी दुसरीतून पळालो, तुम्ही चौथी शिकलात. तुम्ही लिहा." मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला घेतलं. काय द्यायचं आणि कशातून द्यायचं, एवढंच ठरवायचं होतं. लिंबू सरबत लिहिलं, तर म्हणाले, उन्हाळ्यात लिंबू सुकतं, कडू निघतं. कोकम लिहिलं, तर कोणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर सांडणार आणि तो सदरा नेमका नवऱ्याच्या बापाचा असणार. चिकूचं दूध काढू, डहाणूची शोभा, असं मी सुचवलं. "म्हाताऱ्यांना जड पडतं. परतीच्या बसमध्ये त्रास झाला तर ते आयुष्यभर पमीला ऐकवतील." बाटलीतला थंडा म्हटला, तर त्याने ढेकर येतात आणि फोटोत तोंडं उघडी येतात.

ग्लासांचंही तसंच. प्लास्टिकच्या ग्लासांवर बंदी आली होती. कागदी ग्लास म्हणाल, तर ते भिजून मऊ होतात, पाहुण्याला वाटतं आपली किंमतही एवढीच. काचेचे दिसायला चांगले, पण जमीन हलली तर? मी म्हणाले, "भाऊजी, जमीन तिकडे हलते, लग्न इकडे आहे." ते म्हणाले, "ती त्यांच्याबरोबर बसमध्ये बसून आली तर?" हे ते हसत म्हणाले की रडत, मला कळलं नाही. त्यांच्या तोंडावर दोन्ही सारखंच दिसतं.

शेवटी लिंबू सरबत आणि बचत गटाचे स्टीलचे ग्लास, हे ठरलं. म्हणजे सुमन द्यायची तेच, तसंच. चार महिन्यांत माझ्या कॅलेंडरची बारा पानं भरली आणि आम्ही निघालो तिथेच येऊन पोचलो.

पमीला मात्र हे पटलं नाही. तिला वेलकम ड्रिंकचं काउंटर हवं होतं, ज्यातून पांढरा धूर निघतो ते. नवऱ्याच्या मित्रांनी मोबाईलवर दाखवलं होतं.

"बाबा, तुम्ही नवरीचे बाप आहात. तुम्ही ट्रे घेऊन फिरणार? वेटर आहात का?"

"तुझी आई फिरायची."

"आई दुसऱ्यांच्या लग्नात फिरायची!" असं म्हणून पमी घरात गेली आणि दार लावून घेतलं. मला कुंपणापलीकडून तिचं रडणं ऐकू आलं. ती रागाने रडत होती की आईच्या आठवणीने, हे विचारायला मी गेले नाही. मला जायला हवं होतं.

भाऊजी दोन दिवस माझ्या ओट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पमीला म्हणाले, "ठेव तुझा धूर." त्यांनी मनात ठरवलं होतं, आपण मांडवाच्या तोंडाशीच ट्रे घेऊन उभं राहायचं. पाहुणा काउंटरपर्यंत पोचेपर्यंत त्याची तहान भागलेली असेल.

पण खरी काळजी पुढेच होती. माडीची.

आमच्याकडे लग्न म्हटलं की माडी आलीच. माडाची काढलेली, मडक्यात फसफसणारी. हद्दीच्या पलीकडे दारूबंदी, त्यामुळे तिकडचे पाहुणे आमच्या बाजूला लग्नाला आले की मडकं शोधतात, असं भाऊजींनी ऐकलं होतं. आणि सुमनने तर त्यांच्याकडून शब्द घेतला होता, पमीच्या लग्नात मांडवात माडी येता कामा नये. तिच्या स्वतःच्या लग्नात सगळे पुरुष मडक्याभोवती बसले होते आणि ती भर उन्हात, मुंडावळ्या बांधून, घोटभर पाण्यासाठी इकडेतिकडे बघत बसली होती. कोणाला सांगणार? नवरीने पाणी मागायचं कसं? तिने हे मला सांगितलं होतं, भाऊजींनाही सांगितलं होतं. "येईल त्याला सरबत," ती म्हणायची, "आणि हातात."

"पण पाहुण्याने माडी मागितली तर सांगायचं काय?" भाऊजींनी मला विचारलं. "तुम्ही पाहुणे व्हा. मी उत्तर देतो. विचारा."

मी हळूच विचारलं, "माडी कुठाय?"

"पाहुणा असा विचारतो? मोठ्याने."

"माडी कुठाय?" मी ओरडले. आतून माझी सासू बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि परत आत गेली.

भाऊजींनी एकेक उत्तर करून बघितलं. "नाही ठेवली," हे वाईट. नाही म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. "आम्ही पीत नाही," हे त्याहून वाईट, कारण ते खोटं, आणि वर समोरच्याला दारुडा म्हटल्यासारखं. असं करत करत एका दुपारी मी बोंबील वाळत घालत असताना ते कुंपणापलीकडून म्हणाले, "वहिनी, सापडलं. 'होती. चांगली होती. पण तुम्ही यायच्या आधीच संपली.'"

मी बोंबील हातात धरून विचार केला. "चांगलं वाटतं."

"चांगलं उत्तर आहे. यात पाहुण्याचा मान राहतो, माडीचाही राहतो, आणि दोष कोणाचाच नाही." मग त्यांनी ते गुजरातीत बसवलं. किनाऱ्यावरच्या माणसाला गुजराती येते. मासळी घ्यायला येणारे निम्मे व्यापारी गुजरातीच. महिनाभर रोज पहाटे बोटीवर जाताना ते पुटपुटत जायचे. "हती. बहु सारी हती. खलास थई गई."

लग्न सकाळी लागलं. रिसेप्शन चार वाजता देवळासमोरच्या पटांगणात, कारण वऱ्हाडाची बस उजेडात परत जायची होती. धुराचं काउंटर आलं होतं. त्यातून पहिला धूर निघाला तेव्हा दोन म्हाताऱ्या पाण्याची बादली घेऊन धावल्या. भाऊजी नवे कपडे घालून, हातांना लिंबाच्या साली चोळून, मांडवाच्या तोंडाशी ट्रे घेऊन उभे होते. ट्रेमध्ये बारा ग्लास. मी मागून भरून द्यायचे, ते पुढे वाकून हातात द्यायचे. एकही ग्लास खुर्चीखाली गेला नव्हता. मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं, ते घाबरलेले होते. सगळं इतकं नीट चाललं होतं, म्हणून जास्तच घाबरलेले.

तेवढ्यात नवऱ्याच्या आईची आई आली. हद्दीच्या पलीकडच्या गावची, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. साखरपुड्याला ती आली नव्हती, सकाळी लग्नालाही पोचली नव्हती, तिला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने पमीला बघितलं, बोटं मोडून तिची दृष्ट काढली आणि भाऊजींजवळ येऊन मोठ्याने विचारलं, "भाई, छोकरीनी माडी क्यां?"

गुजरातीत माडी म्हणजे आई. म्हातारी विचारत होती, मुलीची आई कुठे आहे?

भाऊजींना हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी कळलं असतं. पण चार महिने ते या एका प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी मान ताठ केली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि पाठ केलेलं म्हणाले, "माडी? हती, माजी. बहु सारी हती. पण खलास थई गई."

म्हातारीचा हात तोंडावर गेला. "हाय हाय! क्यारे?" कधी, असं तिने विचारलं.

"तमे आव्या ते पहेलां ज."

"आजे? लगनना दाडे?" आज, लग्नाच्याच दिवशी गेली, असं तिला वाटलं.

भाऊजींना वाटलं, म्हातारीला फार हळहळ वाटली. त्यांनी तिचा मान राखायचा म्हणून आणखी जोडलं, जे आम्ही बसवलेलं नव्हतं. "शुं करीए, माजी. गामवाळा बधा पी गया."

म्हणजे सगळ्या गाववाल्यांनी पिऊन टाकली. म्हातारी काठी धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मोठ्याने गळा काढला. बाजूच्या खुर्च्यांवरचे लोक उठले. नवऱ्याची आई धावत आली. स्टेजवर पमी उभी राहिली होती. भाऊजी ट्रे धरून सगळ्यांकडे बघत होते आणि परत परत म्हणत होते, "अहो पण सरबत आहे ना. सरबत आहे."

कोणीतरी बोलायला हवं होतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी मागून पुढे आले. माझे हात कोपरापर्यंत ओले होते. एवढ्या माणसांत मी कधी बोलले नव्हते.

"भाऊजी," मी म्हणाले, "त्या सुमनला विचारतायत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ट्रेमधले ग्लास वाजायला लागले. आधी एक, मग बाराच्या बारा, एकमेकांवर आपटून बारीक किणकिण. त्या हिवाळ्यात फळीवरची भांडी वाजायची ना, तशी. मला एकदम वाटलं, खरंच जमीन बसमध्ये बसून आली.

पण ते खाली बसले नाहीत. ट्रेही सोडला नाही. म्हातारीकडे वळून हळूहळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "हती, माजी. बहु सारी हती." आणि पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही.

म्हातारीने डोळे पुसले. तिला काय समजलं, किती समजलं, देव जाणे. तिने भाऊजींच्या दंडावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग भाऊजी वाकले आणि त्यांनी तिच्या हातात ग्लास दिला. तिने तो उभ्या उभ्या संपवला. आणि दुसरा मागितला.

स्टेजवर पमी रडत होती. नंतर ती खाली उतरली, शालूचा पदर खोचून बापाच्या ट्रेमधले दोन ग्लास उचलले आणि धुराच्या काउंटरजवळ उभ्या असलेल्या नवऱ्याच्या मित्रांना हातात नेऊन दिले. ती एकदाच गेली. पण गेली.

सहाच्या सुमारास बस हलली. पमीला घेऊन गेली. पटांगणात खुर्च्या उरल्या आणि कुत्री. उजेड अजून होता. मी मांडवाच्या मागे ग्लास धूत बसले होते. उद्यापासून कुंपणापलीकडे त्या घरात एकटा माणूस, हाच विचार डोक्यात होता.

भाऊजी मागे आले. मला वाटलं, ग्लास हुंगतील. त्यांनी हुंगला नाही. पिंपात वाकून बघितलं. "सरबत संपलं," म्हणाले. मग माठातलं पाणी एका ग्लासात घेतलं, माझ्यासमोर आले आणि वाकले. तो ग्लास त्यांनी माझ्या हातात दिला. आजपर्यंत गावातल्या कुठल्याही लग्नात मला कोणी हातात दिलेलं नव्हतं.

मी प्यायले. ग्लासाला लिंबाचा वास होता.

ते समोरच्या दगडावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वहिनी, ती फिरायची सगळीकडे ट्रे घेऊन. तिला कोण द्यायचं?"

कोणीच नाही. सुमन लग्नाहून येताना माझ्या ओट्यावर टेकायची आणि दोन तांबे पाणी घटाघटा प्यायची. म्हणायची, दिवसभर घसा कोरडा पडलाय ग. मीही मागे बसलेली असायचे, मलाही कधी सुचलं नव्हतं. आणि भाऊजी तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर असायचे.

मी हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

"मी द्यायचे," मी म्हणाले. "मागे बोलावून. हातात."

भाऊजींनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग हात पुढे करून माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि लिंबाच्या सालीने तो आतून घासायला लागले.

"चांगलं उत्तर आहे," ते म्हणाले.